घरी कोरियन पद्धतीचं स्ट्रॉबेरी मिल्क कसं करायचं? माझं दर वेळी मिल्कशेकच का होतं?

मिक्सर बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलंय की स्ट्रॉबेरी, साखर आणि दूध एकत्र फिरवता आणि सगळं फिकट गुलाबी, फेसाळ होतं. फिरवलं की ते तसंच होणार. सोलच्या कॅफेत पारदर्शक बाटलीत मिळतं त्या ‘ताल्गी उयू’मध्ये फळ आधी साखरेत मुरवलेलं असतं आणि त्यावर गार दूध ओतलेलं असतं. खाली लाल थर, वर पांढरं दूध, आणि घोटाघोटाला दाताखाली येणाऱ्या फोडी. खरी मजा त्या फोडींतच आहे.

साखरेत मुरवलेल्या अशा फळाला कोरियात ‘छोंग’ म्हणतात. लिंबाचं, आल्याचंही छोंग घालतात आणि थंडीत ते गरम पाण्यात कालवून चहासारखं पितात. पारंपरिक प्रमाण फळाच्या वजनाइतकी साखर, कारण ते महिनोन्‌महिने टिकवायचं असतं. आपल्याला दोन-तीन दिवसांत संपवायचंय, त्यामुळे मी पाव किलो स्ट्रॉबेरीला १०० ग्रॅम साखर घेते. त्याहून जास्त घातली तर फळाची चव दबते.

स्ट्रॉबेरी देठासकट धुवा. देठ आधी काढले तर आत पाणी शिरतं. मग कापडावर पसरून पूर्ण कोरड्या होऊ द्या. इथे घाई करू नका, ओलं फळ लवकर आंबतं. निम्म्या फळांच्या बारीक फोडी करा, निम्मी काट्याने ठेचा. साखर आणि चिमूटभर मीठ घालून हलक्या हाताने कालवा. साखर फळातलं पाणी ओढून घेते, त्यामुळे थोड्याच वेळात दाणे ओले होऊन लाल रस सुटायला लागतो. गॅसवर ठेवायचा मोह टाळा, शिजलं की जॅमची चव येते. काचेच्या बरणीत भरून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, मधे एकदा तळाची साखर ढवळा.

दूध फुल क्रीमच घ्या. तापवून, पूर्ण गार करून, साय गाळून. ग्लासात तीन-चार मोठे चमचे छोंग आणि त्यावर साधारण २०० मिली दूध. बर्फ नको, चव पातळ होते. त्यापेक्षा ग्लासच फ्रीजमध्ये ठेवा. पिताना ढवळा.

दूध फाटण्याची भीती तुम्ही विचारली आहे, ती रास्त आहे. दुधाचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या आसपास उतरला की त्यातलं केसीन हे प्रथिन गोळा होतं आणि स्ट्रॉबेरी त्याहून बरीच आंबट असते. दूध भरपूर असेल तर आंबटपणा विरळ होतो, आणि ते थंडगार असेल तर गुठळ्या सहजी धरत नाहीत. त्यामुळे कालवलं की लगेच प्यायचं, डब्यात भरून न्यायचं नाही. कोरियन पाककृतींत छोंगमध्ये बरेचदा लिंबू पिळायला सांगतात, दुधासाठी ते वगळा.

कोरियातली सगळ्यांत लोकप्रिय जात सल्ह्यांग, २००५ साली नॉन्सानच्या स्ट्रॉबेरी संशोधन केंद्रात तयार झालेली. ती गोड आणि रसाळ असते. आपली महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी बऱ्याचदा आंबटसर निघते, म्हणून देठापर्यंत लाल झालेली, वास येणारी फळं निवडून घ्या. मोठ्या, पांढऱ्या खांद्यांच्या फळांना भुलू नका. जानेवारी-फेब्रुवारीत चांगला माल मिळतो.

हंगाम संपला की हापूसच्या फोडींवर हीच कृती करा, साखर निम्मी घेऊन. किवी आणि अननस मात्र कच्चे वापरू नका. त्यांच्यातली विकरं (एन्झाइम्स) दुधातली प्रथिनं तोडतात आणि पेय काही वेळातच कडू होतं.