बडोद्याहून आंध्र प्रदेशातली बेलम गुहा पाहायला जातोय. आई-बाबा साठीपुढचे, आईला गुडघेदुखी. नेऊ का?

जरूर न्या, पण आईंना गुहेच्या तळाशी असलेल्या पाताळगंगेपर्यंत उतरवू नका. बेलमची लांबी 3,229 मीटर असली, तरी पर्यटकांसाठी साधारण दीड किलोमीटरच खुली आहे. तोंडाशी विहिरीसारख्या खड्ड्यातून पायऱ्यांनी उतरलं की पुढचा मुख्य मार्ग बराच रुंद आहे, दिवेही आहेत. पाताळगंगा मात्र सर्वांत खोल, जमिनीखाली 46 मीटरवर. तुमच्या बडोद्याजवळच्या पावागडावर आधी चढून मग उतरायचं असतं; इथे उलट, दमलेल्या पायांनी शेवटी चढायचं आणि तिथल्यासारखा उडनखटोला (रोपवे) नाही. त्यामुळे आईंनी रुंद भागातूनच परत फिरावं. तेवढ्यातही चुनखडीतले पाण्याने कोरलेले आकार छान दिसतात, काही चुकल्यासारखं वाटणार नाही.

खरा त्रास दमटपणाचा. हवा फारशी हलत नाही, घाम सुकत नाही आणि माणूस लवकर थकतो. म्हणून सुती कपडे, पकड असलेले बूट, प्रत्येकाला पाण्याची बाटली आणि एक टॉर्च घ्या. एसी गाडीतून थेट आत गेलात तर चष्म्यावर वाफ धरते, नेमकी पायऱ्यांवरच; पाच मिनिटं बाहेर थांबून मग उतरा. जवळचं मोठं स्टेशन ताडिपत्री, मुंबई-चेन्नई मार्गावर. पुढे गाडी करावी लागते.

दमा किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.