हिला डिस्कॅल्क्युलिया तर नाही ना?

"मॅडम, पाढे तोंडपाठ आहेत, सुट्टीत दुकानाचा गल्ला सांभाळते, पण समीकरण दिसलं की हिचं डोकंच चालत नाही. डिस्कॅल्क्युलिया असेल का? सर्टिफिकेट काढून ठेवू का?"

दहावीतल्या मुलीला घेऊन आलेल्या आईचा हा प्रश्न. डिस्कॅल्क्युलिया म्हणजे संख्या आणि गणित शिकण्यातली अक्षमता. नववी-दहावीचे पालक हल्ली तो बरेचदा विचारतात. ज्यांना बोर्डाच्या सवलतींची खरंच गरज आहे त्यांनी त्या बिनदिक्कत घ्याव्यात. पण एक धडा अडला म्हणून थेट निदानाकडे धावणं मला पटत नाही. डिस्कॅल्क्युलिया असेल तर सहसा प्राथमिक शाळेपासूनच अडतं: दोन संख्यांतली मोठी चटकन ओळखता येत नाही, साध्या बेरजेलाही बोटं लागतात, सुट्ट्या पैशांचा घोळ होतो. गल्ला सांभाळणाऱ्या मुलीत यातलं काय असणार?

मी तिची वही मागितली. '२एक्स + ३वाय = १२, बदलाचा दर काढा.' उत्तर: २. पुढच्या गणितांतही तेच, एक्सशेजारचा आकडा उचलायचा आणि लिहून मोकळं व्हायचं.

"सर म्हणाले, एक्सचा सहगुणक म्हणजे चढ."

चढ म्हणजेच बदलाचा दर: एक्स एकने वाढला की वाय किती बदलतो. नियम खरा आहे, पण वाय एका बाजूला एकटा असेल तेव्हाच. तेवढा भाग तिच्याकडून सुटला होता.

आठवडाभरापूर्वी घरात तापाची साथ होती. एक थर्मामीटर सेल्सिअसचा, दुसरा फॅरनहाइटचा, त्यामुळे दोन्ही आकडे मायलेकींच्या तोंडी होते. मी कागदावर ३७, ३८, ३९ लिहिलं आणि त्याखाली ९८.६, १००.४, १०२.२. "सेल्सिअस एक अंश चढला की फॅरनहाइट किती चढतो?" तिने १००.४ ला ३८ ने भागायला घेतलं. खरी गाठ इथे होती. दर म्हटलं की समोरच्या दोन आकड्यांचा भागाकार, असं डोक्यात पक्कं बसलेलं.

"ताप किती आहे ते नको, किती वाढला ते सांग."

तिने वजाबाकी केली. १.८. पुढच्या जोडीतही १.८.

मग मी समीकरण लिहिलं: ५फ − ९स = १६०. "उणे नऊ," ती सवयीने बोलून गेली आणि थांबली, कारण १.८ समोरच होते. तिने ९स पलीकडे नेले, दोन्ही बाजूंना ५ ने भागलं. फ = १.८स + ३२.

"मग हे ३२ कशाला?"

प्रश्न तिचा, आणि नेमका. शून्य सेल्सिअसला फॅरनहाइट ३२ असतो. प्रत्येक मापात ते ३२ मिसळलेले असतात, म्हणून सरळ भागाकार फसतो. दोन मापांची वजाबाकी केली की ते आपोआप उडतात आणि उरते ती निव्वळ वाढ.

जुनं गणित तिने स्वतःच पुन्हा घेतलं. वाय = ४ − (२/३)एक्स. एक्स ० असताना वाय ४, एक्स ३ असताना वाय २. तीन पुढे गेलं की दोन खाली, म्हणजे दर उणे दोन-तृतीयांश.

आईंना म्हटलं, चाचणीची घाई नको. उत्तर आलं की एक्सच्या दोन किमती घालून वाय किती हलला ते तिलाच तपासू द्या. तुम्ही फक्त शेजारी बसा. महिन्याभराने वही पाहिली तेव्हा उणे चिन्ह अधूनमधून सुटत होतं. ते वर्गातल्या निम्म्या मुलांचं सुटत असेल.