इंग्लंडचा पदच्युत राजा दुसरा जेम्स मोकळेपणाने निवडलेल्या संसदेला इतका का घाबरत होता?

कारण ती संसद काय म्हणणार हे त्याला आधीच कळलं होतं.

हा जेम्स म्हणजे ज्याला मुंबई हुंड्यात मिळाली त्या दुसऱ्या चार्ल्सचा धाकटा भाऊ. १६८५ साली तो गादीवर आला तेव्हा संसद त्याच्याच बाजूची होती. पण देश प्रोटेस्टंट आणि जेम्स स्वतः कॅथलिक. कायदा डावलून त्याने सैन्यात कॅथलिक अधिकारी नेमले. खासदारांनी हरकत घेताच नोव्हेंबरात अधिवेशन गुंडाळलं, ते त्याच्या राज्यात पुन्हा भरलंच नाही. पुढे त्याने जिल्ह्याजिल्ह्यातल्या न्यायाधिकाऱ्यांना विचारायला लावलं: निवडून आलात, तर कॅथलिकांना पदांपासून दूर ठेवणारे कायदे रद्द करायला मत द्याल का? बहुतेकांनी नकार दिला, नाहीतर टोलवाटोलवी केली. कॅथलिकांवरचा अन्याय खराच होता, हे मी मनापासून मानतो. पण तो दूर करायला त्याने शहरांच्या सनदा बदलून खासदार निवडणाऱ्या नगरसभांत आपली माणसं घुसवायला सुरुवात केली, तिथे लोकांचा विश्वास उडाला.

नोव्हेंबर १६८८ मध्ये त्याचा जावई, हॉलंडचा विल्यम, इंग्लंडमध्ये फौज घेऊन उतरला, तो ‘मुक्त संसद’ हीच मागणी करत. शिवाय तान्हा युवराज राणीचा नाहीच, अशी अफवा होती. राजाला चाळीसहून जास्त साक्षीदार उभे करून मुलाचा जन्म सिद्ध करावा लागला होता. आता विल्यम म्हणत होता, याचीही चौकशी संसदच करेल. त्यात वडिलांची आठवण. संसदेशी झालेल्या युद्धात हरल्यावर पहिल्या चार्ल्सचं मुंडकं उडवलं गेलं तेव्हा जेम्स पंधरा वर्षांचा होता.

तेव्हाच्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे १० डिसेंबरच्या रात्री त्याने निवडणुकीचे न पाठवलेले हुकूम जाळले. पहाटेच्या अंधारात छोट्या होडीतून थेम्स ओलांडताना राजमुद्रा पाण्यात टाकली. ती मुद्रा नसेल तर हुकूम निघणार नाहीत, हुकूम नाहीत तर संसद नाही. इतका साधा हिशेब! किनाऱ्यावर कोळ्यांनी त्याला जेझुइट (एका कॅथलिक पंथाचा) पाद्री समजून पकडलं, अंगझडती घेतली. परत लंडनला आणल्यावर काही दिवसांत तो पुन्हा निसटला आणि फ्रान्सला गेला.

संसद मात्र भरली. २२ जानेवारी १६८९ ला, राजाच्या हुकुमाशिवाय. तो निघून गेला म्हणजे त्याने राज्य सोडलं, असं तिने ठरवलं. मुलाच्या जन्माची चौकशी तिने कधी केलीच नाही.