‘अडकलेत’ म्हणजे नक्की काय?

“पैसे कमी झालेत, घरी कसं सांगू?” मी समुपदेशक आहे. २०२० च्या उन्हाळ्यापासून हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. त्यात हॉटेलातले आचारी होते, शाळेच्या बसचे ड्रायव्हर होते आणि एक कबड्डीपटू होता. मी गोष्ट सांगणार आहे ती त्याची, कारण त्याला पैशाची अडचण असू शकते हे गावात कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. टीव्हीवर दिसलेला मुलगा ना तो! (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

जुलै महिन्यात त्याच्या बहिणीने वेळ ठरवून दिली. व्हिडिओ कॉल लागला तेव्हा तो गोठ्यामागे उभा होता. घरात बोलता येत नाही म्हणाला. वय चोवीस, मैदानावरची जागा उजवा कोपरा. २०१९ मध्ये प्रो कबड्डीत दोन वर्षांच्या करारावर पहिल्यांदा गेला. बहुतेक सामने बाकावरच काढले, पण पैसे आले. त्या पैशांवर जुनं घर पाडलं, नवं बांधायला काढलं आणि उरलेल्या खर्चासाठी सहकारी बँकेचं कर्ज घेतलं. दुसऱ्या वर्षी कोरोनामुळे लीग झालीच नाही. त्याच्या करारात रक्कम हंगामाला बांधलेली होती, त्यामुळे हंगाम नाही तर रक्कमही नाही. हे त्याला फोनवर कळलं. करार इंग्रजीत होता आणि तो पदकांच्या ट्रंकेत, न वाचलेला पडून होता. मातीवरच्या, मॅटवरच्या गावोगावच्या स्पर्धाही बंद होत्या, म्हणजे बक्षिसाचा वरखर्चही गेला.

घरी त्याने सांगितलं, “पैसे अडकलेत.” मे महिन्यात सांगितलं, जूनमध्ये पुन्हा सांगितलं. आबा, म्हणजे त्याचे वडील, दर आठवड्याला विचारायचे, “सुटले का?” रात्री दोनला जाग, छातीत धडधड, पहाटे पाचला मात्र सपाट्या मारायला हजर. जगणं नकोसं वाटतं का, हे मी पहिल्याच भेटीत सरळ विचारलं. तसं नव्हतं. तरीही झोपेसाठी तालुक्याच्या डॉक्टरांकडे पाठवलंच.

पहिल्या दोन भेटी तो मोबाइलवर वाचलेल्या बातम्याच सांगत होता. बार्सिलोना फुटबॉल क्लबच्या खेळाडूंनी पगारात ७० टक्के कपात मान्य केली, हे मार्चअखेर मेस्सीने स्वतः जाहीर केलं होतं. अमेरिकेत एनबीए या बास्केटबॉल लीगने १५ मेपासून खेळाडूंचे २५ टक्के पैसे मागे ठेवले, तेही त्यांच्या संघटनेशी बोलून. मी म्हटलं, “बघ, एवढा मोठा माणूस जाहीरपणे सांगतो.” त्यावर तो म्हणाला, “त्याचे तीस टक्के तरी उरलेत, मॅडम. म्हणून सांगता येतं.”

मी गप्प बसले. मग थोड्या वेळाने मोठ्या हुशारीने दुसरा प्रयत्न केला : तुमच्या खेळात बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होतोच की. तो हसला. “समोर कुणीतरी खेळत असेल तर होतो ना!” खेळाडूशी बोलताना खेळाच्या उपमा वापरायच्या नाहीत, हे मी त्या दिवसापासून पाळते.

उपयोग झाला तो एका रुक्ष वाक्याचा. मी म्हटलं, “तुझा पगार कापलेला नाही. तुला पगार नव्हताच. तू रोजंदारीवर होतास, फक्त रोज मोठा होता.” कबड्डीत महिन्याचा आधार असतो तो रेल्वे, पोलीस किंवा एखाद्या कंपनीच्या संघातून मिळालेल्या नोकरीचा. याच्याकडे ती नव्हती. हे ऐकून वाईट वाटेल अशी माझी भीती होती, पण तो सैल झाला. इतके दिवस त्याला वाटत होतं, आपण कमी खेळलो म्हणून आपले पैसे गेले. काम बंद पडलं म्हणून गेले, ही गोष्ट वेगळी होती.

मग आम्ही ‘अडकलेत’ या शब्दापाशी आलो. अडकलेले पैसे कधीतरी सुटतात, म्हणून घर त्यांच्या भरवशावर चालत राहतं. गवंडी थांबवत नाहीत, उधारी वाढते. खोटं बोलतोय असं त्याला वाटत नव्हतं, फक्त वेळ मागून घेतोय असं वाटत होतं. दोन भेटी आम्ही एकच वाक्य म्हणून पाहिलं : “आबा, या वर्षाचे पैसे येणार नाहीत.” मी आबा व्हायचे आणि चिडायचे. तो दर वेळी पुढे “पण” जोडायचा. तो “पण” काढायलाच जास्त वेळ गेला.

प्रत्यक्षात आबांनी मिठी वगैरे मारली नाही. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “मे महिन्यात सांगितलं असतंस तर सळई दुकानदाराने परत घेतली असती.” सळई एव्हाना पावसात गंजली होती. मला तो राग रास्तच वाटला, आणि मी त्यालाही तसं सांगितलं.

आणखी एक नुकसान झालं होतं. रिझर्व्ह बँकेने मार्चपासून कर्जाचे हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती, ती नंतर ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. सहकारी बँकाही तिच्यात होत्या. यानं अर्ज केला नव्हता, कारण बँकेतला शिपाई भावकीतला. मित्रांकडून उसने घेऊन हप्ते भरत राहिला. बापलेक मिळून गेले तेव्हा ऑगस्टचा एक हप्ता ढकलता आला, त्याचं व्याज मात्र चढलंच. बांधकाम जोत्यावर थांबलं. गावाने विचारलं तर आबाच सांगायला लागले, “लीग झाली नाही, पैसे नाहीत.” झोप साधारण दिवाळीपर्यंत जागेवर आली.

अशा अडचणीतल्या मुलासाठी मला फोन करणाऱ्या आईवडिलांना माझी एक विनंती असते : “पैशाचं सोड, तब्येत जप” असं म्हणू नका. त्याने पैशाचा विषय काढलाच तर वही घेऊन शेजारी बसा आणि आकडे मांडा.

लीगसाठी खेळाडूंचा पुढचा लिलाव २०२१ च्या ऑगस्टअखेर मुंबईत झाला. डिसेंबरमध्ये बंगळुरूत प्रेक्षकांविना हंगामही सुरू झाला. लिलाव संपला त्या रात्री त्याचा फोन आला.

“मॅडम, नाव आलं नाही.”

“घरी सांगितलंस?”

“आधी आबांना सांगितलं, मग तुम्हाला लावला.”