पावसात तोडलेली फुलं फुलदाणीत टिकत नाहीत, काय करू?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही साताऱ्यात शाहूपुरीला राहतो, घरामागे छोटी बाग आहे, गुलाब, झिनिया, निशिगंध, सोनटक्का असं सगळं लावलंय. जुलैपासून फुलं भरपूर येतात पण पाऊस थांबला की लगेच तोडून हॉलमध्ये ठेवली तर दुसऱ्याच दिवशी गुलाबावर तपकिरी ठिपके, झिनियाच्या माना खाली, आणि पाण्याला वास. बाजारातली फुलं बरेच दिवस टिकतात मग घरची का नाही?

उत्तर : तुमची घाई नडतेय फक्त. पाऊस थांबल्या थांबल्या फूल तोडलं की पाकळ्यांच्या घडीत पाणी अडकून राहतं, वरून टपोरं दिसतं पण आतून ओलं असतं, आणि गुलाबावरचे ते ठिपके बहुतेक करड्या बुरशीचे असणार, बोट्रायटिस म्हणतात तिला, तिचे बीजाणू हवेत असतातच, पाकळी काही तास ओली राहिली की ते रुजतात. म्हणून उघडीप मिळाली की दोन-तीन तास थांबा, झाडावरच फुलं सुकू देत, मग तोडा. आता साताऱ्याच्या पावसात उघडीप मागून मिळत नाही हे मलाही माहितीये, तेव्हा ओलीच तोडायला लागली तर देठ धरून फूल खाली तोंड करून हलकेच झटका, कापडाने अजिबात पुसू नका कारण पाकळी दुखावली की तिथेच डाग पडतो. मग बादलीत खोल पाणी घेऊन त्यात देठ उभे करा, फुलं एकमेकांना चिकटू देऊ नका, आणि पोर्चमध्ये वारा खेळेल पण थेट फॅन लागणार नाही अशा जागी दोन-चार तास ठेवा. फुलदाणी त्यानंतर. ही मधली पायरी लोक सोडून देतात आणि मला वाटतं निम्मी फुलं तिथेच वाया जातात.

बादलीत ठेवण्याआधी देठाचं टोक पाण्यात बुडवून धरायचं आणि धारदार सिकेटरने, म्हणजे झाडं छाटायच्या कात्रीने, इंचभर तिरकं कापायचं. हवेत कापलं तर देठाच्या नळ्यांत हवेचा बुडबुडा शिरतो आणि पाणी वर चढत नाही, बागेतून आणताना तो शिरलेलाच असतो म्हणून हा दुसरा काप. बोथट कात्रीने देठ चेचला जातो, ती नकोच.

झिनियाची मान पडते कारण फूल कोवळं असतानाच तोडलंय, पावसात देठ भराभर वाढतात आणि नरम राहतात. फुलाच्या खाली वीतभर अंतरावर देठ धरून हलवून बघायचं, फूल लडबडलं तर अजून दोन दिवस झाडावर ठेवा, ताठ राहिलं तर तोडा. गुलाबाचं उलट, कळी नुकती सुटायला लागली की घ्या. निशिगंधाच्या दांडीवर खालची दोन-तीन फुलं उमलली की कापा, बाकीची पाण्यात खालून वर उमलत जातात, सुकलेली खुडत राहा. सोनटक्क्याचं एकेक फूल दिवसभराचंच, पण कणसातून नवीन निघत राहतात, त्यामुळे त्याला कंटाळू नका, त्याच्या वासाने अख्खा हॉल भरतो.

पाण्याच्या वासाचं कारण बुडालेली पानं. पाण्याखाली येणारं प्रत्येक पान काढून टाकायचं, झिनियाचं आणि झेंडूचं तर नक्कीच. लिटरभर पाण्यात पाव चमचा घरगुती ब्लीच, मग चमचाभर साखर आणि दोन चमचे लिंबाचा रस, एवढं पुरतं. नुसती साखर घालतात बरेच जण, ती जंतूंनाच खाऊ होते. पण यातलं काहीच जमत नसेल तर रोज पाणी बदला, फुलदाणी आतून घासा आणि देठ थोडे कापा, त्याने मोठा फरक पडतो. आणि केळ्यांच्या टोपलीशेजारी ठेवू नका, पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो, फुलं लवकर गळतात.

मांडताना अरुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत दहा फुलं कोंबायची नाहीत, त्याने परत ओल अडकते. रुंद तोंडाचा जुना पितळी तांब्या घ्या, जड असतो, कलंडत नाही, आणि निशिगंधाच्या दांड्या मागे, गुलाब पुढे असं मोकळं मांडा.

प्रश्न : सांगलीत विश्रामबागेत आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, भांड्यांवर पांढरा थर बसतो. ते फुलांना चालेल का? आणि जास्वंद फुलदाणीत टिकवता येतं का?

उत्तर : क्षार जास्त असतील तर फुलं कमी टिकतात. पावसाळा आहेच तर सुरुवातीच्या सरी जाऊ देऊन गच्चीवर स्वच्छ पातेलं ठेवा, ते पाणी फुलदाणीला उत्तम. मीठ घालून पाणी मऊ करणारं मशीन असेल तर त्याचं पाणी मात्र गुलाबाला देऊ नका, त्यात सोडियम असतं.

जास्वंदाचं फूल बहुतेक जातींत एकाच दिवसाचं, कितीही चांगलं पाणी दिलं तरी. पण ते पाण्याशिवायही दिवसभर उघडं राहतं, म्हणून सकाळी तोडा आणि नुसतं ताटलीत किंवा उंबऱ्याशी मांडा.