आत्याच्या तळपायावरचा मेलानोमा: रिपोर्टात काय बघायचं

ताई, आत्यांच्या टाचेवरचा काळा डाग बायोप्सीत मेलानोमा (कातडीचा एक कॅन्सर) निघाला, रिपोर्टात ‘ब्रेस्लो जाडी २.३ मिमी, अल्सरेशन आहे’ असं लिहिलंय आणि आता कितपत आशा धरायची, असं तुम्ही विचारलंय.

डाग वरून केवढा दिसतो, यापेक्षा तो कातडीत किती खोल उतरलाय हे महत्त्वाचं. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० साली ही मोजणी मांडली आणि आजही डॉक्टर आधी तोच आकडा बघतात. १ मिमीच्या आतला डाग बहुतेकदा काढून टाकला की विषय संपतो. ४ मिमीच्या पुढे पसरण्याची भीती बरीच वाढते. आत्यांचा मधला आहे. अल्सरेशन म्हणजे डागावरचा कातडीचा थर मायक्रोस्कोपखाली तुटलेला दिसणं. त्याने धोका एक पायरी वर जातो, म्हणून हा टी३बी झाला (‘टी३’ ही मूळ डागाच्या जाडीची पायरी, ‘बी’ म्हणजे अल्सरेशन आहे).

पण खरा प्रश्न जांघेतल्या लसिका गाठीचा (लिम्फ नोडचा). टाचेच्या भागातून लसिकेचा (लिम्फचा) पाझर आधी जिथे पोचतो ती ‘सेंटिनल’ गाठ काढून तपासतात. ती स्वच्छ निघाली आणि इतरत्र काही नसेल तर स्टेज दोन, तिच्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या तर तीन. ही तपासणी टाचेच्या मोठ्या ऑपरेशनसोबतच व्हायला हवी. आधी डाग रुंद कापून टाकला तर नंतर पाझराची वाट नीट सापडत नाही. सर्जनना हे ऑपरेशनआधीच विचारा, संकोच करू नका.

आणखी एक बघा: बायोप्सीच्या तुकड्याच्या तळाशी रोग राहिलाय का? तसं असेल तर खरी जाडी २.३ पेक्षा जास्त असू शकते. रक्तातलं एलडीएच (रक्ततपासणीत मोजलं जाणारं एक एन्झाइम) मुख्यतः रोग लांब पसरला असेल तेव्हाच कामाचं.

नेटवरच्या टक्केवारीत रात्र घालवू नका. ती बरीचशी गोऱ्या लोकांच्या, उन्हाने झालेल्या मेलानोमाची असते. आपल्याकडे तो तळपायावर, नखाखाली जास्त होतो, कुरूप समजून महिनोन्‌महिने पट्ट्या लावल्या जातात आणि निदान उशिरा होतं. त्याची चालही थोडी वेगळी असते.

परळला टाटामध्ये दाखवणार असाल तर लॅबमधून स्लाइडसोबत ब्लॉकही (बायोप्सीचा तुकडा ज्या मेणात जपून ठेवतात तो) मागून घ्या. नुसता कागद नेलात तर पुन्हा हेलपाटा पडतो.