चावी फिरवायच्या आधी

(कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चारचाकीचं गॅरेज चालवणारे आमचे मिस्त्री या सदरात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : आमची सोसायटी शाहूपुरीत जयंती नाल्याजवळ आहे, पार्किंग तळघरात. पावसात रात्री पाणी आत शिरलं आणि गाडीच्या सीटपर्यंत आलं. आता पाणी उतरलंय, गाडी धुऊन पुसून घेतली. शेजारी म्हणतात, एकदा स्टार्ट मारून बघा, चालू झाली तर काही झालेलं नाही. मारू का?

उत्तर : नको. तुम्हाला फोनवर हेच सांगितलं होतं, पण दर पावसाळ्यात हा प्रश्न कुणाला ना कुणाला पडतो म्हणून इथं सविस्तर लिहितो.

इंजिनात पिस्टन वर जाताना हवा दाबतो. हवा दबते, पाणी दबत नाही. एअर फिल्टरच्या वाटेनं सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल आणि तुम्ही सेल्फ मारला, तर वर निघालेला पिस्टन पाण्यावर आपटतो आणि त्याला धरणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल गाडीत दाब जास्त, म्हणून तिथं हे आणखी सहज होतं. असा रॉड बाहेर काढून सपाट पट्टीवर आडवा ठेवला की खालून उजेड दिसतो. वाक एवढासाच असतो, पण तेवढ्यावर अख्खं इंजिन खोलावं लागतं. गाडी नुसती पाण्यात उभी राहिली होती तोवर हे नुकसान झालेलं नव्हतं. ते चावी फिरवल्यावर होतं. म्हणून मी एवढं कळवळून सांगतोय.

आधी फोटो काढा. पाणी कुठवर आलं होतं त्याची रेघ दारावर आणि सीटवर दिसते, ती फोटोत आली पाहिजे. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. विमा कंपनीला कळवा आणि गाडी उचलून न्यायला सांगा, ढकलून किंवा दोरी लावून ओढून नेऊ नका. गॅरेजमध्ये एअर फिल्टर आपल्या डोळ्यांसमोर उघडायला सांगा. तो ओला असेल तर पेट्रोल गाडीचे प्लग आणि डिझेलचे इंजेक्टर किंवा हीटर प्लग काढून, इंजिन हातानं फिरवून पाणी बाहेर काढतात. ऑइलची डिपस्टिक बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय, ते आधी काढायचं. गिअर बॉक्सचं ऑइलही तपासून घ्या.

एक गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते. खालचं कार्पेट वरून कोरडं लागतं, पण त्याखालचा फोम दिवसेंदिवस पाणी धरून असतो आणि बऱ्याच गाड्यांत वायरिंग तिथूनच जातं. सीट काढून कार्पेट पूर्ण बाहेर काढलंच पाहिजे. नाहीतर महिन्या-दोन महिन्यांनी कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज चढतो. मग कधी काच खाली होत नाही, कधी एअरबॅगचा दिवा लागतो, आणि पुराशी त्याचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही.

विम्याचं म्हणाल तर थर्ड पार्टी पॉलिसीत पुराचं नुकसान मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये पूर धरलेला असतो, पण पाण्यात स्टार्ट मारून इंजिन गेलं असेल तर तो दावा बऱ्याचदा नाकारतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम असतं. कोल्हापुरात सखल भागात राहणाऱ्यानं ते घ्यावंच, असं माझं स्पष्ट मत आहे.

2019 आणि 2021 चे पूर आपण सगळ्यांनी बघितलेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. "पाणी किती फुटाला आलं?" हे तर आपण पावसाळ्यात एकमेकांना विचारतोच. 39 झालं की तळघरातली गाडी उंचावर नेऊन लावा, 43 ची वाट बघू नका. नाल्याजवळ असाल तर 39 चीही बघू नका. जोराचा पाऊस झाला की नाला आधी भरतो.

प्रश्न : रत्नागिरीहून येताना साखरप्याच्या पुढं आंबा घाट चढताना गाडी गरम झाली, काटा लाल पट्ट्याला टेकला. पुढं ट्रकची रांग होती, एसी चालू होता. हायवेला कधीच गरम होत नाही. कुलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कमी झालं की घरचं बोअरचं पाणी टाकतो. गॅरेजवाले हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) गेलं म्हणतात, मोठा खर्च सांगितलाय. (कळंबा)

उत्तर : काका, तुमच्या पत्रातली कामाची ओळ ही : "हायवेला कधीच गरम होत नाही." गाडी पळत असताना समोरून येणारी हवा रेडिएटर थंड ठेवते. रांगेत, पहिल्या गिअरवर रांगताना ती हवा मिळत नाही, तेव्हा सगळा भार फॅनवर येतो. म्हणून हळू चालताना किंवा थांबल्यावर तापत असेल तर पहिला संशय फॅनवर. उलट, मोकळ्या रस्त्यावर वेगात तापत असेल तर रेडिएटर तुंबलाय का, थर्मोस्टॅट (कुलंटची वाट उघडणारी झडप) उघडतोय का, वॉटर पंप चालतोय का, हे बघायचं.

फॅन तुम्ही घरीच तपासू शकता. गाडी अंगणात चालू ठेवा, एसी लावा, बॉनेट उघडून कान द्या. हात आत घालू नका. फॅन थोड्या वेळात फिरायला लागला पाहिजे. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मग मोटर, या क्रमानं तपासायला सांगा. यातला फ्यूज आणि रिले किरकोळ खर्चाचे. फॅन फिरत असेल तर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली फट टॉर्च मारून बघा. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून गाडी चालवणाऱ्यांच्या त्या फटीत पाला, धूळ आणि किड्यांचा थर हमखास बसलेला असतो. तो इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला हलक्या पाण्यानं काढायचा. वॉशिंगवाल्याच्या जोरदार फवाऱ्यानं रेडिएटरच्या पातळ पट्ट्या आडव्या होतात आणि हवा जायची वाटच बुजते.

हेड गॅस्केट गेलेलं असेल तर खुणा दिसतात. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर, कुलंटच्या टाकीत सारखे बुडबुडे. यातलं काही आहे का, हे आधी विचारा. नसेल तर हेड खोलायला होकार देऊ नका.

बोअरचं पाणी मात्र आजपासून बंद. आपल्याकडं ते जड असतं, त्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. जुनं सगळं काढून, सिस्टिम धुऊन, गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं कुलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून भरा. तयार मिसळलेलं मिळतं, त्यात आणखी पाणी घालू नका. आणि कुलंट वारंवार कमी होतंय म्हणजे कुठून तरी गळतंय. बंद सिस्टिममध्ये ते असं संपायला नको.

घाटात काटा वर चढायला लागला की एसी बंद, हीटर पूर्ण चालू आणि काचा खाली. हीटरनं इंजिनची उष्णता आत ओढली जाते, घाम येईल पण इंजिन वाचेल. तरी काटा लालला गेला तर सुरक्षित जागा बघून इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडायचं नाही. आत दाब असतो म्हणून 100 अंशांच्या वर जाऊनही पाणी उकळत नाही. झाकण सैल होताच दाब सुटतो, ते एकदम उसळतं आणि थेट तोंडावर येतं. अशा भाजण्याचे व्रण मी माणसांच्या हातावर पाहिलेत. अर्धा-पाऊण तास थांबा, पोरांना वडापाव खाऊ घाला.

प्रश्न : मिस्टर पुण्याला नोकरीला असतात. गाडी घरीच, सासूबाईंना दवाखान्यात न्यायला लागते तेवढीच काढते. दोनदा ऐनवेळी चालू झाली नाही. बॅटरी गेल्या वर्षीच बदलली, आता पुन्हा बदला म्हणतात. रोज पाच मिनिटं चालू करून ठेवते, तरी असं का? (राजारामपुरी)

उत्तर : ताई, ती पाच मिनिटंच नडतायत. सेल्फ मारताना बॅटरीतून जो करंट जातो, तो जागेवर पाच मिनिटांत नीट भरून निघत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी फिरवून आणा, रंकाळ्याला चक्कर मारून कळंब्याच्या तलावापर्यंत जा.

पुढच्या वेळी अडली तर आवाज ऐका. टकटकटक असा भराभर आवाज आणि दिवे मंद, म्हणजे बॅटरी उतरलेली. एकच मोठा टक् आणि दिवे लख्ख, म्हणजे बहुधा सेल्फ मोटरचं दुखणं, तिथं बॅटरी बदलून उपयोग नाही. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर टोकं काढून गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्यानं स्वच्छ करा, घट्ट बसवा. काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना शेवटी.

एक साधा मल्टिमीटर घरात ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवली तर ती भरलेली आहे, 12 च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. गाडी चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 दिसलं पाहिजे. त्यापेक्षा बरंच कमी असेल तर अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी भरणारं यंत्र) चार्जिंग करत नाही. हे आकडे बघितल्याशिवाय नवी बॅटरी घेऊ नका. वॉरंटीचं कार्डही शोधा, एक वर्षाची बॅटरी बहुधा वॉरंटीत असते. गाडीत डॅशकॅम किंवा बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिमचा अॅम्प्लिफायर असेल तर तो बंद गाडीतही करंट ओढतोय का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. वर्षभरात बॅटरी उतरायला लागली की मला आधी तोच संशय येतो.

प्रश्न : गाडी शेताकडेला लावतो. उंदरांनी वायरी खाल्ल्या. तंबाखूची पानं ठेवू का? (शिरोळ)

उत्तर : ठेवा, पण वास चार दिवसांत उडतो. गाडी रोज हलवा, आत खाण्याचं काही राहू देऊ नका, सुरक्षित असेल तर रात्री बॉनेट उघडं ठेवा. बरेच दिवस उभी असेल तर चालू करण्याआधी एअर फिल्टरचा डबा उघडून बघा, घरटं तिथंच असतं.

प्रश्न : माझी 2016 ची पेट्रोल गाडी लिटरला पूर्वीपेक्षा कमी पळते. पंपावर भेसळ असेल का? (इचलकरंजी)

उत्तर : भेसळीचा आरोप करण्याआधी मोजून बघा. ऑटो-कट होईपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. परत त्याच पंपावर तशीच भरा. किलोमीटरला दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरनं भागा. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका. असं तीन-चार टाक्यांचं लिहून ठेवा.

आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याच कारखान्यांच्या उसाचं इथेनॉल त्यात आहे, आणि शेतकऱ्याला त्याचा उपयोग आहे. पण लिटरमागं इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्या हिशेबानं शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के घट समजण्यासारखी आहे. एप्रिल 2023 नंतरच्या गाड्या या पेट्रोलसाठी बनवलेल्या आहेत, तुमची त्याआधीची. म्हणून दर सर्व्हिसिंगला इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील बघायला सांगा. चिरा पडलेली किंवा पेट्रोलचा वास येणारी नळी लगेच बदला.

घट याहून जास्त असेल तर टायरमधली हवा बघा. सकाळी, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळ चिकटवलेल्या पट्टीवरच्या आकड्याप्रमाणं भरा. मग एअर फिल्टर. मग चार-पाच किलोमीटर चालवून चारही चाकांच्या रिमजवळ तळहात न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम लागलं तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. तसं असेल तर मायलेज बाजूला ठेवा, गाडी त्याच दिवशी गॅरेजला न्या.